फुकट हेवी लायसन्स: कंपनी शिकवते तेव्हा नेमकं काय होतं

'हेवी ड्रायव्हिंग मोफत शिका. राहणं-जेवण कंपनीचं. नोकरीची हमी.' अशा जाहिराती व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असतात आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडची पोरं विचारत येतात की हे खरं आहे का. खरं असू शकतं. पण 'मोफत' हा शब्द जपून घ्यावा. शिकवण्याचा खर्च कंपनी आज करते आणि तुम्ही तो पुढचं वर्ष-दोन वर्षं तिथेच गाडी चालवून फेडता. ऊसतोडीच्या टोळीला मुकादम आधी उचल देतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे उचल रोख मिळत नाही, शिक्षणाच्या रूपाने मिळते. माझ्या मते एजंटाला पैसे मोजून लायसन्स 'काढून' घेण्यापेक्षा हा रस्ता कितीतरी बरा. मात्र तो व्यवहार आहे, उपकार नाही, हे डोक्यात ठेवूनच सही करावी.

कंपन्या हे का करतात? पूर्वी ड्रायव्हर तयार करायला कुणाला पदरचा पैसा घालावा लागत नव्हता. पोरगा क्लीनर म्हणून गाडीवर चढायचा, टायर बदलायचा, ताडपत्री बांधायचा, रात्री उस्तादाला झोप येऊ नये म्हणून गप्पा मारायचा आणि चार-पाच वर्षांत मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हातात यायचं. ती क्लीनरकी आता मोडीत निघाली. बऱ्याच गाड्यांवर क्लीनर नसतोच, मालक तो खर्च वाचवतो. शिवाय दहा-बारा टायरची नवी गाडी तीस-चाळीस लाखांच्या घरात गेली, इंजिनात सेन्सर आले. अशी गाडी शिकाऊ पोराच्या हाती कोण देणार? म्हणून गाड्या बनवणाऱ्या आणि माल वाहणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी स्वतःच शाळा काढल्या. अशोक लेलँडची तमिळनाडूत नामक्कलला १९९५ पासून ड्रायव्हरांची शाळा आहे, ती या धंद्यातल्या जुन्या शाळांपैकी एक. आपल्या जवळ पुण्यात भोसरीला केंद्रीय सडक परिवहन संस्था आहे, तिथेही ड्रायव्हरांचे अभ्यासक्रम चालतात.

अमेरिकेत तर हा रिवाजच आहे. तिथल्या मोठ्या ट्रक कंपन्या नवख्याला आपल्या शाळेत शिकवतात, बदल्यात साधारण वर्षभर काम करण्याचा करार घेतात आणि मध्येच सोडलं तर फी वसूल करतात. ७ फेब्रुवारी २०२२ पासून तिथे नोंदणीकृत संस्थेतून शिकल्याशिवाय ट्रकच्या लायसन्सची परीक्षाच देता येत नाही.

आधी वय आणि कारचं लायसन्स

इथे अनेकांची गाडी अडते. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार मालवाहू गाडी रस्त्यावर चालवायला वयाची २० वर्षं पूर्ण हवीत. आणि हेवीचं लर्निंग मिळायला त्याआधी हलक्या मोटारीचं, म्हणजे कारचं, पक्कं लायसन्स हातात येऊन किमान एक वर्ष झालेलं हवं. गावाकडची पोरं अठराव्या वर्षी फक्त मोटारसायकलचं लायसन्स काढून मोकळी होतात आणि विसाव्या वर्षी कंपनीच्या दारात उभी राहिल्यावर त्यांना कळतं की ते या कामाला धरत नाहीत. मग पुन्हा कारचं लर्निंग, महिनाभर थांबणं, परीक्षा आणि वर वर्षभर वाट. तेव्हा ट्रकवर जायचं मनात असेल तर अठरा होताच कारचं लायसन्स काढून ठेवा. वीस झाल्यावर कंपनीची जागा निघेपर्यंत छोटा हत्ती किंवा पिकअप चालवता येतो. एकूण भरलेलं वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर कारच्या लायसन्सवर अशी मालवाहू गाडी चालते, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेलचे गठ्ठे पोचवले तरी गाडीचा अंदाज येतो आणि घरात चार पैसेही येतात.

आठवी पासची जुनी अट केंद्र सरकारने २०१९ मध्ये काढून टाकली. कंपनी आपल्या सोयीने दहावी मागू शकते, कायदा मागत नाही. डॉक्टरचा दाखला लागतो, तो फॉर्म १-ए. डोळे मात्र करार करण्याआधीच तपासून घ्या. शाळेत तीन आठवडे काढल्यावर नजरेत दोष निघाला तर खर्च कुणाचा, यावर भांडत बसावं लागतं.

शाळेत काय शिकवतात

सरकारमान्य प्रशिक्षण केंद्रांचे नियम १ जुलै २०२१ पासून लागू झाले. त्यात अवजड वाहनाचा अभ्यासक्रम ६ आठवड्यांत ३८ तासांचा आहे. अशा केंद्रातून पास झालं की आरटीओत पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागत नाही. बाकीच्या शाळांतून शिकलात तर शाळेचा फॉर्म ५ घेऊन आरटीओची परीक्षा द्यावी लागते.

३८ तास ऐकायला भरपूर वाटतात. त्यात वर्गातले तास आले, सिम्युलेटरचे (पडद्यासमोर बसून सराव करायच्या यंत्राचे) आले. राहिलेल्या तासांत एका गाडीत पाच पोरं बसवली तर प्रत्येकाच्या वाट्याला स्टिअरिंग किती आलं, याचा हिशेब तुम्हीच करा. म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा इमारत, मेस, बिछाने बघण्याआधी एकच विचारा: एका गाडीमागे किती शिकाऊ? उत्तर गोलमोल आलं तर समजून जा.

कारवाल्याला ट्रकमध्ये सगळ्यात परकी वाटणारी गोष्ट म्हणजे हवेचा ब्रेक. कारमध्ये पायाचा जोर तेलातून चाकापर्यंत जातो. ट्रकमध्ये इंजिनावरचा कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो आणि पॅडल दाबलं की ती हवा ब्रेक लावते. हँडब्रेकचं मात्र उलटं आहे. तिथे दणकट स्प्रिंग ब्रेक धरून ठेवते आणि हवा त्या स्प्रिंगला मागे दाबून चाक मोकळं करते. म्हणून सकाळी गाडी चालू केल्या केल्या निघता येत नाही. मीटरचा काटा वर चढेपर्यंत थांबावं लागतं. आणि म्हणूनच हवा गळून गेली तर गाडी आपोआप जखडते. इंजिन बंद करून, काच खाली घेऊन, कान देऊन हवेची सुरसुर ऐकणं हे सकाळचं पहिलं काम. चांगला शिक्षक हे पहिल्याच दिवशी शिकवतो. टायरवर रॉड मारून आवाज ऐकणं त्यानंतर.

दुसरी गोष्ट उतार. सोलापूर सपाट आहे. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण करत पुण्याकडे जाताना घाट असा लागत नाही, म्हणून आपल्याकडच्या नवख्याला उताराची भीती नसते आणि तेच घातक ठरतं. भरलेली दहा टायर गाडी साधारण २८ टनांची. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून पुण्याच्या नवले पुलाकडे उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली की इंजिनाची पकड सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. सारखे दाबून ड्रम तापतात, तापलेला ड्रम पकडत नाही, वर हवाही संपत जाते. मग 'ब्रेक फेल झाला' म्हणतात. तो फेल झालेला नसतो, केलेला असतो. नियम साधा आहे: ज्या गिअरमध्ये चढ चढाल, त्याच्याच आसपासच्या गिअरमध्ये उतार उतरा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी हळू करणारा) वापरा आणि पायाचा ब्रेक राखून ठेवा. आपल्या जवळचा तुळजापूरचा घाट छोटा आहे, पण सवय लावायला पुरतो.

रिव्हर्स शाळेच्या मैदानात येतो, मार्केट यार्डात येत नाही. कांद्याच्या हंगामात, डिसेंबर-जानेवारीत, सोलापूरच्या यार्डात रात्री गाडी लावून बघा. दोन्ही बाजूंना गाड्या, मध्ये हमालांची ये-जा, मागे कुणीतरी 'आने दो, आने दो' म्हणतोय आणि तो नेमका तुमच्या आरशात दिसत नाही. अशा वेळी लाज सोडून खाली उतरायचं, मागे जाऊन बघायचं, परत चढायचं. दोनदा उतरावं लागलं तरी चालेल. मागचे हॉर्न मारणारे तुमच्या गाडीचा बंपर भरून देणार नाहीत.

कराराचा कागद

आता खरी गोष्ट. बॉण्ड, करारनामा, सेवा-हमी, नाव काहीही असो, मजकूर असा की शिकवण्यावर इतका खर्च झाला, तुम्ही इतके महिने काम कराल, आधी सोडलंत तर इतके भराल.

समजा कंपनीने खर्च ४८,००० रुपये लावला आणि मुदत २४ महिने. न्याय्य करारात दर महिन्याला २,००० रुपये फिटत जातात. दीड वर्षाने सोडलंत तर देणं उरतं १२,०००. दुसऱ्या प्रकारच्या करारात लिहिलेलं असतं की मुदतीआधी कधीही सोडलं तरी पूर्ण रक्कम द्यावी. म्हणजे तेविसाव्या महिन्यात आई आजारी पडली म्हणून घरी आलात तरी ४८,०००. दोन्ही कागद वरवर सारखेच दिसतात. फरक एका ओळीचा असतो, ती ओळ शोधा. सही करण्याआधी 'दरमहा कमी होत जाईल' हे शब्द लिहून मागा. बरीच पोरं मागतच नाहीत.

मुदत कधीपासून मोजायची, हाही प्रश्न आहे. शाळेत पाऊल टाकल्यापासून, लायसन्स आल्यापासून की एकट्याने गाडी हातात घेतल्यापासून? यात चार-सहा महिन्यांचा फरक पडतो. कंपनीनेच काढून टाकलं किंवा गाडीच नसल्यामुळे घरी बसवलं तर काय, हेही कागदावर हवं.

असा करार कायद्यात बसतो का? बसतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात ३ वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. पण यावरून कंपनीने लिहिलेली कुठलीही रक्कम वसूल होते असा अर्थ काढू नका. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ म्हणतं की करार मोडला तर मिळते ती वाजवी भरपाई. कागदावरचा आकडा ही फक्त कमाल मर्यादा. ४८,००० चं शिक्षण देऊन ३ लाखांचा बॉण्ड लिहून घेतला असेल तर तो कोर्टात टिकवणं कंपनीला जड जाईल. 'सोडल्यावर दुसऱ्या कुठल्याही ट्रान्सपोर्टमध्ये काम करणार नाही' अशी ओळ असेल तर तिला त्याच कायद्याचं कलम २७ आडवं येतं. पोट भरायचा धंदा करण्यापासून कुणाला असं अडवता येत नाही.

दोन गोष्टींना मात्र सरळ नकार द्या: सही केलेला कोरा चेक आणि मूळ कागदपत्रं. दहावीची मार्कशीट, लायसन्स यांच्या प्रती द्या, मूळ नाही. लायसन्स कंपनीच्या कपाटात ठेवून तुम्ही रस्त्यावर कसे जाणार, हा प्रश्न विचारला की समोरचाही जरा चपापतो. डिजिलॉकरमधलं लायसन्स तपासणीत चालतं, पण म्हणून मूळ सोडून देऊ नका.

पगाराचं बोलणं 'महिना इतके' एवढ्यावर संपवू नका. त्यात ठरलेला पगार किती, खेपेचा भत्ता किती आणि डिझेलच्या ॲव्हरेजवर मिळणारं बक्षीस किती, हे वेगळं करून घ्या. पीएफ ठरलेल्या पगारावर कापतात, भत्त्यावर बहुधा नाही. म्हणून काही ठिकाणी पगार मुद्दाम छोटा आणि भत्ता मोठा ठेवतात. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे पीएफ बंधनकारक आहे, दहा किंवा जास्त असतील तिथे २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला ईएसआय, म्हणजे आजारपणाचा सरकारी विमा. मग कपाती: माल कमी भरला, डिझेल कमी निघालं, आरसा फुटला, ई-चलन आलं. वेतनाच्या कायद्यात यावर लगाम आहे. एका पगारातून होणारी एकूण कपात साधारणपणे पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नये आणि नुकसानीपोटी कापायचं तर आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. हे पोरांना माहीत नसतं, ऑफिसात असतं.

लायसन्स आल्यावरचं पहिलं वर्ष

लायसन्स आलं म्हणजे ड्रायव्हर झालो असं नाही, आणि कंपनीही तसं मानत नाही. सुरुवातीला जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसवतात. इथे नशीब लागतं. काही उस्ताद मोकळ्या मनाने शिकवतात, काही रात्रीचं निम्मं अंतर तुमच्यावर ढकलून मागे झोपतात. भरलेली गाडी, पाऊस आणि रात्र हे तिन्ही पहिल्यांदाच एकत्र आले असतील तर 'उस्ताद, तुम्ही घ्या' म्हणायला मागेपुढे पाहू नका.

आपल्या भागात नव्या माणसाला सावध करण्यासारखी गोष्ट म्हणजे उसाचा हंगाम. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की रात्री ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस निघतो. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. हायवेवर मालवाहू गाडीला वेगाची मर्यादा ८० आहे, पण टेंभुर्णी-मोहोळच्या पट्ट्यात हंगामाच्या रात्री तेवढाही वेग जास्तच. समोरून येणाऱ्याच्या लाइटने डोळे दिपले त्या दोन सेकंदांत ट्रॉली पुढ्यात येते.

कागद हे निम्मं काम. बिल्टी (ट्रान्सपोर्टची मालाची पावती), ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद), वजनकाट्याची पावती. ई-वे बिलाची मुदत साधारण २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात. ६०० किलोमीटरच्या खेपेला ३ दिवस. गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत घातला तर नवा गाडी नंबर बिलावर चढवून घ्यायला ऑफिसला लगेच फोन करा, नाहीतर माल अडकतो. होटगीकडे सिमेंट भरताना 'दोन टन जास्त घे, कोण बघतंय' म्हणणारा भेटेल. ओव्हरलोडचा कायद्यातला दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. म्हणजे दोन टनांना २४,०००, शिवाय जादा माल उतरवायचा. कलमात चालवणाऱ्याचंही नाव आहे, नुसतं मालकाचं नाही. वाराईवरूनही, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या हमालीवरूनही, खटके उडतात. ती कुणी द्यायची हे निघण्याआधी ऑफिसकडून मेसेजवर लिहून घ्या.

युरियाची टाकी विसरू नका. बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या, गाड्यांना डिझेलशिवाय वेगळ्या टाकीत पातळ युरिया (शेतातलं खत नव्हे) लागतो आणि तो संपला की इंजिन ताकद कमी करतं. नळदुर्गच्या पुढे रात्री दोनला ते कळण्यापेक्षा सोलापुरात भरून निघालेलं बरं. खोटा युरिया स्वस्त मिळतो, तो यंत्रणेची वाट लावतो.

कामाच्या तासांबद्दल मला राग आहे, तो लपवत नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानेच दिवसाचे ८ तास आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. अमेरिकेत ट्रकवाला सलग १० तास विश्रांती घेतल्यानंतर जास्तीत जास्त ११ तास चालवू शकतो आणि ते गाडीतल्या यंत्रावर नोंदलं जातं. आपल्याकडे गाडी थांबली की जीपीएस ऑफिसला सांगतो. ड्रायव्हर झोपला नाही हे तो कुणाला सांगत नाही. खेपेवर भत्ता असला की माणूस स्वतःच स्वतःला पळवतो. नव्याने बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना २०२५ मध्ये एसी केबिन सक्तीची झाली, ही चांगली गोष्ट. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी केबिनमध्ये बसलेल्याला तिची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. पण एसी झोपेला पर्याय नाही. झोप आली तर गाडी बाजूला लावा आणि ऑफिसला तसा मेसेज टाका. फोन नको, मेसेज. तो पुरावा राहतो.

अपघात झाला तर काय, हे कुणी नीट सांगत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ म्हणतं की जखमीला दवाखान्यात पोचवण्यासाठी शक्य ते सगळं करा, आणि पोलिसांना लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत, कळवा. जमाव चाल करून आला आणि जिवावर बेतलं तर थांबून मार खा असं कायदा म्हणत नाही, त्या परिस्थितीचा त्यात उल्लेख आहे. तिथून थेट जवळचं पोलीस ठाणं गाठायचं. पळून जाणं आणि ठाण्यात जाणं यातला फरक पुढे कोर्टात फार मोठा होतो. जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी संप केला तो न कळवता पळून जाणाऱ्याला १० वर्षांपर्यंत कैद सांगणाऱ्या भारतीय न्याय संहितेतल्या नव्या कलमावरून. सरकारने त्या वेळी ते कलम लागू करणं थांबवलं. कलम १३४ मात्र आधीपासून आहे.

मुदत संपल्यावर

खाजगी मालक नवख्या लायसन्सवाल्याला गाडी देत नाही, 'हात बसलाय का' विचारतो. एसटीच्या भरतीतही अवजड वाहनाचा अनुभव विचारतात. कंपनीच्या शाळेतून गेल्याचा मोठा फायदा हाच, की लायसन्सनंतरचं कोरं वर्ष कागदावर भरून निघतं. म्हणून सोडताना अनुभवाचं पत्र, बॉण्डचं काही देणं उरलेलं नाही असं लिहिलेला कागद आणि पीएफचा यूएएन क्रमांक घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नका. अनुभवपत्रात कोणती गाडी चालवली, किती टायरची, हेही लिहून घ्या. नुसतं 'ड्रायव्हर म्हणून काम केलं' याला पुढे कुणी विचारत नाही.

ज्याचा हात शांत आहे त्याने टँकरचा विचार करावा. पाकणीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत, तिथून पेट्रोल-डिझेल भरून टँकर आजूबाजूच्या जिल्ह्यांत जातात. त्यासाठी लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद लागते, ती ३ दिवसांच्या वेगळ्या प्रशिक्षणानंतर मिळते, आणि एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता येणं ही तिची अट आहे. ही नोंद ३ वर्षं चालते. नूतनीकरणाआधी पुन्हा उजळणीचा कोर्स करावा लागतो, तेव्हा तारीख संपायच्या महिनाभर आधीच नाव नोंदवून ठेवा.